पुंजयामिकीचा उपेक्षित प्रणेता

२०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने क्वांटम विज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. १९२५ साली जर्मनीतील गटिंगेन या लहानशा विद्यापीठनगरीत या शास्त्राचा गणिती पाया घातला गेला, त्याला शंभर वर्षे पूर्ण झाली, हे त्याचे निमित्त. त्या प्रसंगाने आमच्या वाचनात जे लेख आले त्यांत प्लांक, आइन्स्टाइन, बोर, हायझेनबर्ग, श्रोडिंगर ही नावे वारंवार आली, आणि ती यायलाच हवी होती. परंतु ज्या गृहस्थाने या शास्त्राला त्याचे नाव दिले, त्याचे गणित उभे केले आणि त्या गणिताचा अर्थ काय हे जगाला प्रथम सांगितले, त्या मॅक्स बॉर्न यांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एखाद्या ओळीत उरकलेला आढळला. काही ठिकाणी तर तोही नव्हता. ही उपेक्षा आजची नव्हे. बॉर्न हयात असतानाही ती त्यांच्या वाट्याला आली होती, आणि तिच्यातला एक प्रसंग, सांगायला संकोच वाटतो, आपल्याच देशात, बंगळूरला घडला होता. म्हणून या पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे थोडे सविस्तर मांडावे असे आम्हांस वाटते. आम्ही काही भौतिकशास्त्राचे विद्यार्थी नाही. तेव्हा शास्त्राच्या बाजूने जे सांगू ते सामान्य वाचकाच्या पायरीवर उभे राहूनच सांगू.

बॉर्न यांचा जन्म ११ डिसेंबर १८८२ रोजी ब्रेस्लाव येथे झाला. हे शहर तेव्हा जर्मन साम्राज्यात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते पोलंडकडे गेले. घराणे ज्यू, सुखवस्तू आणि विद्याव्यासंगी. वडील गुस्टाव्ह बॉर्न हे तेथल्या विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे व भ्रूणशास्त्राचे प्राध्यापक होते. मॅक्स चार वर्षांचे असतानाच आई निवर्तली, आणि विद्यापीठाची पायरी चढण्यापूर्वीच, १९०० साली, वडिलांचेही छत्र हरपले. ब्रेस्लावच्या विद्यापीठात त्यांना रोझानेस नावाचे बीजगणिताचे प्राध्यापक लाभले. आकड्यांच्या उभ्याआडव्या रांगा मांडून त्यांची बेरीज-गुणाकार करण्याची एक विद्या, जिला मॅट्रिक्स अथवा सारणीचे गणित म्हणतात, ती त्यांनी रोझानेस यांच्यापाशी ऐकली. त्या काळी भौतिकशास्त्रज्ञांना या विद्येशी काही कर्तव्य नव्हते. तरुण बॉर्न यांनी ती शिकून मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिली. या कोपऱ्याची गरज पुढे वीस-बावीस वर्षांनी पडणार होती.

१९०४ साली ते गटिंगेनला आले. हिल्बर्ट, क्लाइन आणि मिन्कोव्हस्की असे तीन दिग्गज त्या वेळी तेथे गणित शिकवीत होते. हिल्बर्ट यांनी या विद्यार्थ्याला आपला खासगी साहाय्यक केले. क्लाइन यांची मात्र मर्जी खप्पा झाली, आणि क्लाइन यांच्यासारख्या बलाढ्य माणसाची नाराजी पदरी बांधून घेणे त्या विद्यापीठात सोपे नव्हते. तरीही डॉक्टरेट मिळाली, थोडा काळ केंब्रिजला जाऊन येणे झाले, आणि १९०८ च्या अखेरीस मिन्कोव्हस्की यांनी त्यांना सापेक्षतावादावर आपल्याबरोबर काम करण्यासाठी बोलावून घेतले. पण काही आठवड्यांतच, जानेवारी १९०९ मध्ये, मिन्कोव्हस्की अचानक वारले. पुढे फॉन कार्मान यांच्यासह बॉर्न यांनी स्फटिकांतील अणूंची कंपने आणि उष्णता यांचा संबंध शोधला. स्फटिकाच्या जालकाचा हा विषय त्यांनी नंतर जन्मभर सोडला नाही. १९१३ साली हेडविग एरेनबेर्ग हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढील वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हिटलरच्या कायद्याला या बाप्तिस्म्याचे काडीइतके मोल नव्हते, हे पुढे दिसलेच.

१९१५ साली बर्लिनला प्लांक यांच्या हाताखाली प्राध्यापकपद मिळाले. तेथे आइन्स्टाइन यांची मैत्री जडली. आइन्स्टाइन व्हायोलिन वाजवीत, बॉर्न पियानोवर बसत. पहिल्या महायुद्धात बॉर्न लष्कराच्या तोफखाना विभागात शत्रूच्या तोफांची जागा आवाजावरून हुडकण्याचे काम करीत होते, हे नमूद केले पाहिजे. ते जन्मतः युद्धविरोधक नव्हते. विषारी वायूच्या कामात मात्र त्यांनी हात घातला नाही. १९१८ च्या नोव्हेंबरात बादशाही कोसळली तेव्हा बर्लिन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी कुलगुरूंनाच अडकवून ठेवले. त्यांची सुटका करण्यासाठी आइन्स्टाइन, बॉर्न आणि मानसशास्त्रज्ञ व्हेर्टहायमर हे तिघे निघाले आणि नव्या सरकारच्या दारात जाऊन त्यांनी ते काम करून आणले. त्या तिघांना त्या दिवशी असे वाटले असावे की, आता आपल्या देशात विवेकाचे राज्य आले. त्यांना मिळालेली मुदत पंधरा वर्षांची होती.

मध्यंतरी फ्रँकफुर्टला दोन वर्षे काढून १९२१ मध्ये बॉर्न गटिंगेनला सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून परतले. आपले मित्र जेम्स फ्रांक यांना त्यांनी प्रयोगाच्या बाजूसाठी बरोबर आणले. पुढील बारा वर्षे या गावाचे भौतिकशास्त्रातील स्थान काय होते, ते बॉर्न यांच्याभोवती जमलेल्या तरुणांच्या नावांवरून समजते. पाउली आणि हायझेनबर्ग हे त्यांचे साहाय्यक. ओपेनहायमर, डेलब्रुक, मारिया गोपर्ट-मायर हे त्यांच्यापाशी डॉक्टरेट करणारे विद्यार्थी. ओपेनहायमर यांच्यासह १९२७ मध्ये लिहिलेला त्यांचा निबंध आजही रसायनशास्त्राचा आधार आहे. अणूचे केंद्रक जड आणि संथ, भोवतीचे इलेक्ट्रॉन हलके आणि चपळ; तेव्हा दोघांचा हिशेब वेगवेगळा करावा, ही त्यातली युक्ती. वरवर साधी दिसणारी. पण रेणूंचे गणित तिच्यामुळेच माणसाच्या आवाक्यात आले.

आता १९२५ सालाकडे वळू. अणूच्या आत काय चालते याचा जुना हिशेब तोपर्यंत मोडकळीस आला होता. सूर्याभोवती ग्रह फिरतात तसे केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन फिरतात ही कल्पना काही ठिकाणी जुळे, काही ठिकाणी सपशेल फसे. नवे यामिकशास्त्र हवे, हे बॉर्न आदल्या वर्षापासून सांगत होते आणि १९२४ च्या आपल्या निबंधाच्या मथळ्यात त्यांनी त्याला 'क्वांटम मेकॅनिक्स' असे नावही देऊन टाकले होते. आपण ज्याला पुंजयामिकी म्हणतो तिचे हे बारसे. मूल अजून जन्माला यायचे होते! त्या जून महिन्यात तेवीस वर्षांचे हायझेनबर्ग परागज्वराने हैराण होऊन हेल्गोलँड या बेटावर गेले आणि परतताना एक विलक्षण कल्पना घेऊन आले. इलेक्ट्रॉनची न दिसणारी कक्षा सोडून द्यावी आणि ज्याचे मोजमाप करता येते त्याच राशींचे गणित मांडावे, अशी ती कल्पना होती. पण त्यांच्या गणितात गुणाकाराचा एक चमत्कारिक नियम डोकावत होता, आणि त्याने ते स्वतःच अस्वस्थ झाले होते. त्यांनी तो निबंध बॉर्न यांच्या हाती दिला.

बॉर्न यांनी तो वाचला, प्रसिद्धीसाठी पाठवून दिला, आणि त्या गुणाकाराने त्यांची झोप उडाली. काही दिवसांनी त्यांना उमगले की, हा तर रोझानेस यांच्या वर्गात ऐकलेला सारण्यांचा गुणाकार. साध्या आकड्यांत तीन गुणिले पाच आणि पाच गुणिले तीन एकच. सारण्यांत तसे नसते. तेथे क्रम बदलला की उत्तर बदलते. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही: आधी नांगरणी मग पेरणी, आणि आधी पेरणी मग नांगरणी, यांचे फळ सारखे येत नाही. इलेक्ट्रॉनची जागा आणि त्याचा संवेग या दोन राशींचे तसेच आहे, आणि दोन्ही क्रमांच्या उत्तरांतील फरक प्लांक यांच्या स्थिरांकाने ठरतो, असे समीकरण बॉर्न यांनी लिहिले. जुलैमध्ये हॅनोव्हरच्या सभेला जाताना आगगाडीत त्यांनी पाउली यांना या कामात सोबत मागितली. पाउली यांनी ती तिखट शब्दांत नाकारली; हायझेनबर्ग यांच्या भौतिक कल्पनेची या जड गणिताने नासाडी होईल, असा त्यांचा आक्षेप होता. मग बॉर्न यांनी आपला तरुण विद्यार्थी पास्कुअल योर्डान याला हाताशी धरले. सप्टेंबरअखेर दोघांचा निबंध तयार झाला, आणि नोव्हेंबरात हायझेनबर्ग यांच्यासह तिघांचा मोठा निबंध. पुंजयामिकीचे पहिले संपूर्ण शास्त्र ते हेच.

पुढल्याच वर्षी श्रोडिंगर यांनी अगदी वेगळ्या वाटेने, लाटांच्या समीकरणाने, तीच उत्तरे काढून दाखवली. शास्त्रज्ञांना हायसे वाटले, कारण लाटांचे गणित त्यांच्या परिचयाचे होते. पण एक प्रश्न उरलाच. आपल्या किनाऱ्यावरची लाट पाण्याची असते. श्रोडिंगर यांची ही लाट कशाची? त्यांचे स्वतःचे म्हणणे असे की, इलेक्ट्रॉन हा कण नव्हेच, तो लाटेसारखा पसरलेला विद्युद्भार आहे. बॉर्न यांना ते पटेना. फ्रांक यांच्या प्रयोगशाळेत कणांच्या टकरींचे प्रयोग ते रोज पाहत होते, आणि तेथे इलेक्ट्रॉन प्रत्येक वेळी एका ठिकाणी, कणासारखाच सापडत होता. १९२६ च्या जूनमध्ये टकरींवरील आपल्या निबंधात त्यांनी उत्तर दिले. ही लाट कोणत्याही पदार्थाची नाही. ती शक्यतेची आहे. इलेक्ट्रॉन कोठे सापडण्याचा संभव किती, एवढेच ती सांगते. हा संभव लाटेच्या उंचीच्या प्रमाणात असतो, असे त्यांनी आधी मजकुरात लिहिले. मग मुद्रिते तपासताना तळटीप घातली की, अधिक विचार करता तो उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असला पाहिजे. विसाव्या शतकातील एवढा महत्त्वाचा नियम एका तळटिपेतून जगापुढे आला, याची आम्हांला मोठी मौज वाटते. आजच्या क्वांटम संगणकाचे उत्तर वाचतानाही हाच नियम लागतो.

वाचकाला वाटेल, यात एवढे काय? पावसाचा अंदाज आपणही शक्यतेच्या भाषेतच सांगतो. भेद असा आहे की, पावसाच्या बाबतीत आपले ज्ञान अपुरे असते. सर्व वारे, सर्व ढग ठाऊक असते तर अंदाजाची गरजच उरली नसती, असे आपण मानतो. बॉर्न म्हणत होते की, अणूच्या पातळीवर निसर्गाचा कारभारच असा आहे. सर्व काही ठाऊक असले तरी एकेका कणाबद्दल शक्यतेपलीकडे काही सांगता येणार नाही. न्यूटनपासून चालत आलेल्या कार्यकारणभावाच्या श्रद्धेवर हा घाव होता. आइन्स्टाइन यांना तो सोसला नाही. परमेश्वर जगाचा कारभार फाशांच्या दानावर सोडील, हे आपल्याला पटत नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉर्न यांना लिहिले. हा वाद दोघांत जवळजवळ तीस वर्षे चालला. मतभेद एवढा मुळावरचा, आणि तरी मैत्रीला तडा गेला नाही. आमच्या व्यवसायात मतभेद झालेल्या माणसांचे एकमेकांच्या घरी जाणे किती लवकर बंद होते ते आम्ही पाहतो, म्हणून या पत्रव्यवहाराचे आम्हांला विशेष अप्रूप वाटते.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी सेवेतून दूर करणारा कायदा झाला, आणि त्या महिन्याच्या अखेरीस निलंबित प्राध्यापकांच्या यादीत बॉर्न यांनी स्वतःचे नाव वर्तमानपत्रात वाचले. बारा वर्षे उभारलेली संस्था एका यादीने संपली. मे महिन्यात ते कुटुंबासह दक्षिण टिरोलच्या डोंगरात निघून गेले आणि तेथून केंब्रिजला. तिघांच्या निबंधातील इतर दोघांचे काय झाले? योर्डान त्याच वर्षी नाझी पक्षाचे सभासद झाले. हायझेनबर्ग जर्मनीतच राहिले, आणि नोव्हेंबरात त्यांना १९३२ सालचे नोबेल पारितोषिक पुंजयामिकीच्या निर्मितीबद्दल एकट्यांना जाहीर झाले. १९३३ चे पारितोषिक श्रोडिंगर आणि डिरॅक यांना गेले. हायझेनबर्ग यांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, गटिंगेनला तिघांनी मिळून केलेल्या कामाचा मान एकट्याला मिळाल्याने आपले मन टोचते, असे त्यांनी बॉर्न यांना पत्राने कळवले. ते पत्र प्रांजळ होते. पण पत्राने इतिहासाची पाने दुरुस्त होत नाहीत, आणि नोकरी, घर, देश एकाच वर्षी गमावलेल्या पन्नाशीच्या माणसाला ते पत्र वाचताना काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

केंब्रिजची नेमणूक तात्पुरती होती. अशा वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे बोलावणे आले. टाटांच्या दानातून उभ्या राहिलेल्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेचे ते तेव्हा संचालक होते आणि जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या विद्वानांपैकी काही जण भारतात आणावेत, अशी त्यांची दूरदृष्टी होती. १९३५ च्या हिवाळ्यात बॉर्न दांपत्य बंगळूरला आले आणि सुमारे सहा महिने राहिले. बॉर्न यांनी व्याख्याने दिली, नागेंद्रनाथ या बुद्धिमान तरुणाबरोबर संशोधन केले. त्यांच्यासाठी गणिती भौतिकशास्त्राचे कायम अध्यासन निर्माण करावे असा प्रस्ताव रामन यांनी प्राध्यापकांच्या सभेत मांडला. बॉर्न स्वतः त्या सभेत बसले होते. तेव्हा एक इंग्रज प्राध्यापक उठला आणि त्यांच्यादेखत म्हणाला की, स्वतःच्या देशाने हाकलून दिलेला हा दुय्यम दर्जाचा परदेशी माणूस आमच्या संस्थेच्या योग्यतेचा नाही. त्या दिवशी घरी परतल्यावर बॉर्न यांना पत्नीपुढे रडू कोसळले.

हा विरोध काही अंशी रामन यांच्या कारभाराविरुद्ध होता, बॉर्न हे निमित्त झाले, असे सांगितले जाते. आणि ते खरे दिसते, कारण १९३७ मध्ये खुद्द रामन यांनाच संचालकपद सोडावे लागले. पण अपमान ज्याचा झाला त्याच्या दृष्टीने या खुलाशाचा उपयोग काय? परदेशी असल्याचा ठपका ठेवणारा तो गृहस्थ स्वतः या भूमीत परदेशीच होता, आणि राज्यकर्त्यांच्या जातीचा असल्यामुळे त्याला तसे वाटत नव्हते. परकी अंमल ज्यांनी अंगावर काढला आहे त्यांना ही तऱ्हा अनोळखी नाही. मात्र सगळा दोष त्याच्या एकट्याच्या पदरात घालून आम्हांला मोकळे होता येत नाही. सभा एका माणसाची नव्हती. गटिंगेन जे होते त्याचा एक अंश दक्षिण भारतात रुजण्याची संधी दाराशी आली होती, ती गेली. पुढे चाळीसच्या दशकात रामन आणि बॉर्न यांच्यातही स्फटिकांच्या सिद्धांतावरून कडाक्याचा वाद झाला, आणि त्या वादात शास्त्रज्ञांचे मत शेवटी बॉर्न यांच्या बाजूने पडले.

१९३६ मध्ये एडिंबरो विद्यापीठाने त्यांना अध्यासन दिले आणि वणवण थांबली. ३१ ऑगस्ट १९३९ रोजी त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. दुसऱ्या दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. आणखी थोडा उशीर झाला असता तर ते शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले असते. सतरा वर्षे तेथे त्यांनी शिकवले, लिहिले. अणुभौतिकीवरील त्यांचे पाठ्यपुस्तक आपल्याकडील महाविद्यालयांतूनही पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. अणुबाँबच्या कामापासून ते कटाक्षाने दूर राहिले. ज्यांना त्यांनी शिकवले वा हाताशी धरले त्यांपैकी ओपेनहायमर अमेरिकेच्या बाँबचे सूत्रधार झाले, आणि एडिंबरोला त्यांच्याबरोबर काम केलेले क्लाउस फुक्स यांनी त्याच बाँबची रहस्ये रशियाला दिली. दोन्ही गोष्टींनी हा वृद्ध गुरू व्यथित झाला. या मुलांना बुद्धी दिली, तेवढेच शहाणपणही देता आले असते तर, अशी खंत त्यांनी बोलून दाखवली होती.

१९५३ मध्ये निवृत्त झाल्यावर ते पत्नीसह जर्मनीत परतले आणि बाड पिर्मोंट या गावी राहिले. आइन्स्टाइन यांना हे रुचले नाही. ज्या देशाने आपल्या आप्तांची कत्तल केली तेथे पुन्हा घर करायचे, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. बॉर्न यांच्या बाजूनेही कारणे होती. एडिंबरोचे निवृत्तिवेतन तुटपुंजे होते, आणि हेडविगबाई क्वेकर पंथाच्या झाल्या होत्या. त्या पंथाचे केंद्र त्या गावात होते. दोघांपैकी कोण बरोबर याचा निवाडा देण्याचा अधिकार ज्यांनी तसे काही सोसलेले नाही त्या आम्हांला नाही. एवढे मात्र खरे की, बॉर्न तेथे गप्प बसण्यासाठी गेले नव्हते. १९५४ च्या डिसेंबरात, बहात्तराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, स्टॉकहोमला त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, वाल्टर बोटे यांच्याबरोबर विभागून. कारण दिले गेले ते मुख्यतः १९२६ च्या त्या शक्यतेच्या नियमाचे. अठ्ठावीस वर्षांचा हा विलंब! पारितोषिकाने आलेली प्रतिष्ठा त्यांनी ताबडतोब कामाला लावली. १९५५ मध्ये रसेल आणि आइन्स्टाइन यांच्या अण्वस्त्रविरोधी जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली. एप्रिल १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या लष्कराला अण्वस्त्रे देण्याचे घाटत होते, तेव्हा अठरा शास्त्रज्ञांनी गटिंगेनहून त्याला जाहीर विरोध केला आणि अशा शस्त्रांच्या कामात आपण भाग घेणार नाही असे बजावले. त्या अठरांत बॉर्न होते आणि हायझेनबर्गही होते. योर्डान त्या वर्षी सत्ताधारी पक्षातर्फे संसदेत निवडून गेले आणि त्यांनी या निवेदनाविरुद्ध लेखणी चालवली. बत्तीस वर्षांपूर्वीच्या त्या त्रयीची अशी फाटाफूट झाली.

५ जानेवारी १९७० रोजी गटिंगेनच्या रुग्णालयात बॉर्न वारले. हेडविगबाई दोन वर्षांनी गेल्या. त्यांची नात ऑलिव्हिया न्यूटन-जॉन पुढे गायिका म्हणून जगभर गाजली, आणि आजोबांना नातीमुळे ओळखणारे लोकही आहेत. गटिंगेनच्या ज्या दफनभूमीत प्लांक आणि हिल्बर्ट विसावले आहेत तेथेच त्यांची कबर आहे. तिच्या दगडावर १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी लिहिलेले ते समीकरण कोरलेले आहे: पी क्यू वजा क्यू पी, बरोबर एच भागिले दोन पाय आय. पुष्कळ पाठ्यपुस्तकांत ते अजूनही हायझेनबर्ग यांच्याच नावावर छापले जाते.